मुलांना बागेत नेलं, पुढे काय?

पत्र

नमस्कार. मी दिंडोरी तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत सहावी-सातवीला गणित आणि विज्ञान शिकवते. मुलांनी हाताने करून शिकावं, असं मला मनापासून वाटतं. गेल्या वर्षी मी त्यांना द्राक्षबागेत नेलं, कांदा साठवायची चाळ दाखवली, शाळेच्या परसबागेत वाफे करून घेतले. मुलं खूश होती. पण शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत एका वडिलांनी सगळ्यांसमोर सुनावलं, "आमचं पोरगं सुट्टीत बागंत थिनिंग करतंच. शाळेतबी तेच करायचं असंल तर दाखला द्या, इंग्लिश मिडियमला टाकतो." बाकीच्यांनी माना डोलावल्या. मुख्याध्यापक म्हणतात, आधी शिष्यवृत्तीचा निकाल बघा. मला स्वतःलाही एक गोष्ट खटकली आहे. बागेतून आल्यावर 'काय शिकलात ते लिहा' म्हटलं, तर बहुतेकांनी 'खूप मज्जा आली' एवढंच लिहिलं. आता शाळा पुन्हा सुरू झाली आहे. हे सगळं बंद करू का? आणि चालू ठेवायचं तर पालकांना काय सांगू?

– एक शिक्षिका, दिंडोरी तालुका

उत्तर

ताई, बंद करू नका. पण गेल्या वर्षी केलंत तसंच पुन्हा करू नका.

त्या वडिलांचं बोलणं तुम्हाला लागलं असेल, तरी त्यांचा मुद्दा खरा आहे. ज्या मुलाने सुट्टीत आईबरोबर थिनिंग करत, म्हणजे दाटीतले जादा मणी काढत, घडांवर कात्री चालवली आहे, त्याला द्राक्षबाग 'दाखवायला' नेऊन शाळेने त्याला नवं काय दिलं? नाशिकमध्ये गंगापूर रोडच्या सोसायटीत वाढणाऱ्या मुलाने मातीत हात घातला तर तो त्याच्यासाठी नवा अनुभव असतो. अनुभवातून शिक्षणाबद्दल जे बोललं आणि लिहिलं जातं, ते बरंचसं त्या मुलाला समोर ठेवून असतं. तुमच्या वर्गातल्या मुलांकडे अनुभवाची कमतरता नाही. त्यांच्या हातांना पुष्कळ ठाऊक आहे. त्या माहितीचं ज्ञान करण्याची जागा त्यांना कुठे मिळत नाही, आणि ती जागा म्हणजे तुमचा वर्ग.

वडिलांच्या बोलण्यामागे भीतीही आहे. आपलं आयुष्य बागेत गेलं, पोराचं जाऊ नये, म्हणून त्यांनी त्याला शाळेत घातलं. शाळाच त्याला परत बागेत घेऊन निघाली, असं त्यांना दिसलं. ही भीती चुकीची आहे असं त्यांना समजावत बसू नका. मुलाला शेतीबाहेरचे रस्ते मिळावेत ही त्यांची इच्छा रास्त आहे, आणि तुमचीही तीच आहे हे त्यांना पहिल्या वाक्यात सांगा.

हा प्रश्न जुना आहे. १९३७ मध्ये गांधीजींनी आपल्या 'हरिजन' साप्ताहिकात हस्तोद्योगातून शिक्षणाची कल्पना मांडली, तेव्हाच त्यांनी स्पष्ट केलं होतं की उद्योग यांत्रिकपणे शिकवायचा नाही. प्रत्येक क्रियेचं 'का' आणि 'कशासाठी' मुलाला कळलं पाहिजे. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये वर्ध्याच्या परिषदेत ती कल्पना पुढे गेली आणि नई तालीम म्हणून ओळखली जाऊ लागली. पुढे या पद्धतीच्या अनेक बुनियादी शाळांत सूत कातायची टकळी फिरत राहिली आणि 'का' मागे पडलं, ही टीका तेव्हापासून होत आली आहे. तुमच्या मुलांनी 'मज्जा आली' लिहिलं ते याच कारणाने. त्यांना काही कळत नाही असं मुळीच नाही. निघताना त्यांच्या डोक्यात प्रश्न नव्हता, म्हणून परतताना उत्तर नव्हतं.

म्हणून यंदा एक शिस्त पाळा. बाहेर पडण्याआधी एकच प्रश्न फळ्यावर लिहा. प्रत्येक मुलाने आपला अंदाज वहीत लिहायचा, आकड्यात, आणि तो नंतर खोडायचा नाही. बाहेर जाऊन मोजायचं. परत आल्यावर अंदाज आणि मोजमाप शेजारी ठेवून वर्गात वाद घालायचा. हा वाद हाच खरा तास आहे. त्याला बागेत घालवलेल्या वेळेइतका तरी वेळ द्या. तो देता येत नसेल, तर त्या दिवशी बाहेर जाऊच नका.

आता जून आहे, तर कांद्यापासून सुरुवात करा. उन्हाळ कांदा चाळीत पडलाय आणि दिवाळीपर्यंत घराघरात एकच प्रश्न असणार: आता विकायचा की ठेवायचा? हा प्रश्न तुम्हाला पाठ्यपुस्तकात शोधायला नको, तो मुलांच्या घरी जेवताना रोज ऐकू येतो.

दहा-दहा किलोच्या तीन जाळीच्या गोण्या घ्या, एकाच शेतातल्या, एकाच प्रतीच्या कांद्याच्या. एक कुणाच्या तरी चाळीत ठेवा, एक शाळेच्या बंद खोलीत, आणि एक कोपऱ्यात जमिनीवर गोणपाटाखाली झाकून. बाकी सगळं सारखं ठेवून एकच गोष्ट बदलायची, हा विज्ञानाचा पाया मुलं न सांगता समजतील. चाळीची जमीन उचललेली का असते, बाजूंना फटी का ठेवतात, हे आजोबांना विचारून येणारी मुलंही निघतील. दर शनिवारी वजन करा. काट्यासाठी खर्च करू नका, पोषण आहाराचं धान्य मोजायचा काटा शाळेत असतोच.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात भांडण होईल, आणि ते व्हायलाच हवं. सडलेला कांदा काढून वजन करायचं, की त्याच्यासकट? तुम्ही निर्णय देऊ नका. मुलांना भांडू द्या. भांडता भांडता त्यांच्या लक्षात येईल की घट दोन प्रकारची आहे: एक सुकण्याची, एक सडण्याची. मग वहीत स्तंभ वाढतील, कोंब फुटलेल्यांचा तिसराही येईल. निरीक्षणाची वर्गवारी करायला मुलं इथे गरजेपोटी शिकतात. ती फळ्यावर आयती दिली तर उतरवून घेतात आणि विसरतात.

सोबत लासलगाव किंवा पिंपळगाव बसवंतच्या बाजार समितीतला कांद्याचा भाव रोज लिहायचा. पेपरात किमान, कमाल आणि सरासरी असे तीन आकडे येतात. आपल्या कांद्याला यातला कुठला धरायचा? सरासरीचा धडा याहून चांगला कुठे मिळेल, मला माहीत नाही.

आणि मग सातवीच्या मुलांना हे गणित घाला. समजा, आज शंभर क्विंटल कांदा आहे आणि भाव १५०० रुपये क्विंटल. आज विकला तर दीड लाख रुपये. ठेवला, आणि दिवाळीपर्यंत २५ टक्के घट आली. मग निदान तेवढेच पैसे हातात यायला भाव किती टक्क्यांनी वाढायला हवा? जवळजवळ सगळा वर्ग म्हणेल, २५ टक्के. त्यांना करून बघू द्या. २५ टक्के वाढीने भाव होतो १८७५, आणि उरलेल्या ७५ क्विंटलचे येतात १,४०,६२५ रुपये. साडेनऊ हजारांच्या आसपास कमी. कुठे गेले? वर्ग गप्प होईल. मग कुणीतरी उलटं करून बघेल: दीड लाख भागिले ७५, म्हणजे २०००. १५०० चे २००० म्हणजे ३३ टक्क्यांहून थोडी जास्त वाढ. घट शंभरावर मोजली आणि वाढ मोजताना पाया बदलला, हे शेकडेवारीतलं सगळ्यात अवघड सत्य मुलांच्या हाताला लागलं. पुढे नफा-तोटा, सूट, व्याज, सगळीकडे हेच आडवं येतं. यात अजून चाळीचा खर्च, निवडायची मजुरी, उसनवारीचं व्याज आलेलं नाही. ते विचारायला मुलांना घरी पाठवा.

हे गणित त्या वडिलांनी बघावं असं मला फार वाटतं.

म्हणून दिवाळीआधीच्या पालकसभेत तुम्ही भाषण करू नका. मुलांना बोलू द्या. तीन गोण्या समोर ठेवा, भिंतीवर आलेख लावा आणि हाच प्रश्न मुलांनी पालकांना विचारू दे. काळजी मात्र एक घ्या: पालकांना चारचौघांत चुकवायचा हा खेळ होता कामा नये. शेतकरी हिशोब टक्क्यांत करत नाही, रुपयांत करतो, आणि रुपयांत तो बहुतेकदा बरोबर असतो. त्यामुळे प्रश्न गटाला द्या, सोबत कागद द्या, आणि आईबापांनी रुपयांत काढलेलं उत्तर मुलांनी टक्क्यांत मांडावं. घरचं शहाणपण आणि शाळेचं गणित एकाच कागदावर आलं की 'शाळेतबी तेच' हे वाक्य आपोआप बदलेल. आणि नाही बदललं, तरी त्यांच्या मुलाला शेकडेवारी आलेली असेल.

दिवाळीनंतर द्राक्षं. ऑक्टोबर छाटणीपासून माल निघेपर्यंत साधारण चार-साडेचार महिने मिळतात, आणि ते नेमके शाळेचे महिने असतात. सबंध वर्गाची सहल काढू नका. शाळेजवळची एक बाग धरा, मणी सेट झाले, म्हणजे फुलांचे मणी धरले, की पाच घडांना रंगीत दोरा बांधा आणि दर आठवड्याला पाळीपाळीने दोन-तीनच मुलांनी जाऊन त्याच मण्यांचा व्यास मोजून आणायचा. कॅलिपर असेल तर उत्तम, नाहीतर कागदाची पट्टी गुंडाळून परीघ घ्यायचा आणि भागाकार करायचा. π (पाय) तिथेच भेटेल. वर्गाच्या भिंतीवर आलेख वाढत राहील. काही आठवडे रेघ झपाट्याने चढेल, मग मंदावेल, आणि मग पुन्हा चढेल. मधेच मंद का झाली? मुलांनी बागवाल्याला विचारलं की तो म्हणेल, आता मण्यात पाणी उतरतंय. तो शब्द त्यांनी घरात शंभरदा ऐकलेला असतो. त्या शब्दामागे मण्याच्या आत काय चाललंय, हे त्यांना आलेखावर पहिल्यांदा दिसेल. तिथून पुढे मणी मऊ पडतो, साखर वाढत जाते. बागवाल्याकडे रसातली साखर मोजायचा ब्रिक्स मीटर असेल तर तो मागून घ्या. रसाचा एक थेंब, आणि १८ ब्रिक्स म्हणजे १०० ग्रॅम रसात साधारण १८ ग्रॅम साखर. जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत दर आठवड्याची नोंद ठेवली तर साखरेचा दुसरा आलेख तयार होतो.

फवारणीबद्दल मी अगदी कडक आहे. बागवाल्याला आदल्या दिवशी विचारल्याशिवाय एकही मूल बागेत जाऊ देऊ नका. फवारणी झाली असेल तर नोंद चुकली तरी चालेल. जीएच्या, म्हणजे मणी फुगवायच्या जिबरेलिक ॲसिडच्या, बादलीला हात लागता कामा नये. निर्यातीचा माल करणाऱ्यांकडे फवारणीची नोंदवही असते, ती मुलांना वाचायला मागा. कोणत्या दिवशी, डावणी आणि भुरी या रोगांसाठी काय, तोडणीच्या किती दिवस आधी बंद: वाचनाचा याहून चांगला उतारा नाही, आणि बागेत काम करणाऱ्या आईबापांच्या तब्येतीशी त्याचा थेट संबंध आहे.

दुसरा नियमही तितकाच पक्का ठेवा. ज्या कामाचा फायदा बागवाल्याला होतो, ते काम शाळेच्या वेळेत मुलांनी करायचं नाही. थिनिंग नाही, तोडणी नाही, छाटलेल्या काड्या गोळा करणं नाही. मोजायचं, बघायचं, विचारायचं, लिहायचं. हे समितीच्या बैठकीत इतिवृत्तात लिहून घ्या. त्या वडिलांच्या शंकेचं अर्धं उत्तर तिथेच होईल.

आता तुमच्या पत्रात नसलेली एक गोष्ट, जी मला सर्वात महत्त्वाची वाटते. तुमच्या वर्गात बागवाल्यांची मुलं असतील आणि पेठ, सुरगाणा तालुक्यांतून बागांच्या कामाला आलेल्या कुटुंबांचीही असतील. ज्या बागेत वर्ग नोंदी घ्यायला जाईल, तिथेच एखाद्या मुलीची आई रोजावर कामाला असेल. बागमालकाचा मुलगा 'आमची बाग' म्हणत पुढे चालेल आणि ही मुलगी मागे राहील. त्या मुलीशी आधी एकटीशी बोला. तिला त्या बागेत जायचं नसेल तर बाग बदला, कारण न सांगता. तिची तयारी असेल, तर तिच्या आईला शिकवायला उभं करा. घडातला कोणता मणी ठेवायचा आणि कोणता काढायचा, हे ती आई डोळ्यांनी ठरवते आणि दिवसाला शेकडो घड हातावेगळे करते. वर्गाने तिला विचारावं: तुम्ही कसं ठरवता? एका घडाला किती वेळ लागतो? मुलांनी वेळ मोजावी, सरासरी काढावी, दिवसाचे घड आणि दिवसाची मजुरी मांडावी. हा हिशोब निघाल्यावर वर्गात अवघड प्रश्न येतील. ते दाबू नका. पण कुणाच्या मालकाचं किंवा कुणाच्या आईचं नाव घेऊन चर्चा होऊ देऊ नका, आकड्यांवर ठेवा.

मुख्याध्यापकांचं म्हणणंही मी बाजूला सारणार नाही. अनुभवाने सराव वाचत नाही. शिष्यवृत्तीच्या परीक्षेत वेळेत प्रश्न सोडवायचे असतात, त्यासाठी रोजचा सराव लागतोच, आणि तो तुम्ही कमी केलात तर तोटा तुमच्याच मुलांचा होईल. मध्य प्रदेशात १९७२ मध्ये १६ शाळांत सुरू झालेल्या होशंगाबाद विज्ञान कार्यक्रमाने प्रयोगातून विज्ञान शिकवलं, आणि परीक्षाही बदलली: पुस्तक उघडं ठेवून लिहायची आणि प्रात्यक्षिक करून दाखवायची. तिथे शिकवणं आणि तपासणं एकाच दिशेने चाललं, म्हणून तो दीर्घकाळ टिकला. २००२ मध्ये सरकारने तो बंद केला. शिष्यवृत्तीची परीक्षा तुमच्या हातात नाही, पण वर्गात वर्षभर चालणारं आकारिक मूल्यमापन आहे. प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प ही साधनं त्यात आधीपासून आहेत. कांद्याच्या नोंदवहीला तिथे गुण द्या. मग हे 'जादाचं काम' राहत नाही आणि वेगळी परवानगीही लागत नाही. शिवाय २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या काळात दहा दिवस दप्तराविना शाळेची शिफारस आहे. मुख्याध्यापकांना ते दाखवा. पण ते दहा दिवस दहा सहलींत उधळू नका, कांदा आणि द्राक्षं या दोनच धाग्यांना द्या. ज्या मुलांचं वाचन अजून अडतं, त्यांच्या वाचनाच्या तासाला हात लावू नका. उलट त्यांनाच नोंदवहीचे वाचक करा: दर शनिवारी मागच्या आठवड्याची नोंद त्यांनी मोठ्याने वाचायची.

वर्षातून एकदा नाशिकला न्यायचंच असेल तर पावसाळ्यात, पूर ओसरल्यावर, रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीपाशी न्या. नाशिककर गोदावरीचा पूर त्याच्यावरून सांगतात, पाणी गुडघ्याला, कमरेला, छातीला. त्याच आठवड्याच्या पेपरात गंगापूर धरणातून किती क्युसेक सोडलं ते छापलेलं असतं. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर. आधी वर्गात बादल्यांनी २८ लिटर पाणी भरून बघा, मग हजार क्युसेकची कल्पना करायला सांगा. परत आल्यावर हाच प्रश्न कादवा नदीला लावा: आपल्या करंजवण, पालखेड धरणांमधून किती सोडलं? कादवा पुढे नांदूर मध्यमेश्वरजवळ गोदावरीला मिळते, त्यामुळे नकाशाही बाहेर येईल.

फोटो कमी काढा. अहवालाला एक पुरतो. गेल्या वर्षी मुलं बागेत फोटोसाठी किती वेळ उभी होती, ते आठवून बघा. यंदा तो वेळ वहीला द्या.

बैठकीत त्या वडिलांनी पुन्हा दाखला मागितला, तर वाद न घालता त्यांच्या मुलाची वही त्यांच्या हातात द्या आणि एक आठवडा घरी ठेवायला सांगा. त्यानंतरही त्यांनी दाखला मागितला तर द्या, तो त्यांचा हक्क आहे. वहीची झेरॉक्स मात्र काढून ठेवा, तीन गोण्यांच्या नोंदी अर्धवट राहायला नकोत.